खांद्यावरचा टॉवेल

या, असे पुढे सरका. बुवांची गाडी अजून कागलातच आहे आणि पखवाजवाल्याला चहासुद्धा मिळालेला नाही. काल्याच्या कीर्तनाला अवकाश आहे, तोवर एक गोष्ट सांगतो. गेली अकरा वर्षं तुम्ही मला विचारताय, धोंडिरामदादा, हंडी फुटली की अख्ख्या गावाचे टॉवेल आभाळात जातात, तुमचाच खांदा मोकळा कसा? मी सांगत आलो, उकडतं म्हणून. ते खोटं होतं. आणि आज माझ्या खांद्यावर टॉवेल आहे, हेही तुम्ही आल्या आल्या हेरलंय. तर ऐका.

अकरा वर्षांपूर्वी मी आखातात मालिशवाला म्हणून कामाला होतो. शारजातल्या एका व्यायामशाळेच्या मागच्या खोलीत एक माणूस टेबलावर पालथा पडला होता, आणि मी त्याच्या पाठीला तेल चोळत होतो. दिसायला आपल्या निवृत्तीच्या धाकट्या पोराएवढा. उंची बेताची, वजन एक्कावन्न किलो. पण पाठीला हात लावला की कळायचं, हे शरीर कशानं घडलंय ते. तालमीत मी पंधरा वर्षं पैलवानांची अंगं रगडली, पण असं अंग हाताखाली आलं नव्हतं. त्याचं नाव रोदेल काबाहुग. फिलिपाइन्सचा मुष्टियोद्धा, त्याच्या वजनाच्या गटातला जगज्जेता.

"कुया राम," टेबलात तोंड खुपसूनच तो म्हणाला, "तू मला तेल लावतोयस का तळायला घेतोयस?"

कुया म्हणजे त्यांच्याकडे थोरला भाऊ. धोंडिराम त्याच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यानं मागचं तेवढं ठेवलं. मला काय, दिवसातून शंभर वेळा रामाचं नाव कानावर यायचं. आमची बोली म्हणजे हिंदी, इंग्रजी आणि हातवारे यांची मिसळ होती. मी ती तुम्हाला मराठीतच सांगतो.

त्याच्याबरोबरच्या मदतनिसाचा व्हिसा आला नव्हता, म्हणून आमच्या मालकानं नऊ दिवसांसाठी मला त्याच्याकडे दिलं होतं. मालिश करायची, पाणी द्यायचं, आणि लढतीच्या दिवशी रिंगच्या कोपऱ्यात बादली धरायची. मुष्टियुद्ध मी जन्मात पाहिलं नव्हतं. व्यायामशाळेत येणारी माणसं दंड फुगवायला यायची, मारामारी करायला नाही.

त्याच्यासोबत एकच माणूस आला होता, त्याचा गुरू नेस्तोर. साठीचा, काळासावळा, तोंडात कायम दात कोरायची काडी. रोदेल त्याला ताताय म्हणायचा, म्हणजे बाप. खरा बाप समुद्रात गेला होता. समार बेटावरच्या कोळ्यांच्या वस्तीत रोदेल जन्मला, आणि तो नऊ वर्षांचा असताना वादळात बापाची होडी परत आली नाही. नेस्तोर त्या गावात टायरचं पंक्चर काढायचा. तरुणपणी थोडंफार लढलेला. त्यानं फणसाच्या झाडाला वाळूचं पोतं टांगलं आणि या पोराला त्याच्यासमोर उभं केलं.

"पहिली लढत जत्रेत झाली," रोदेल सांगायचा. "चार नारळाचे खांब आणि होडीचे दोर. बक्षीस तांदळाचं पोतं. मी बारा वर्षांचा. पोतं माझ्याहून जड. तातायनं ते उचललं आणि मला त्या पोत्यावर बसवून घरी नेलं."

"दोन्ही एकदम उचललं?"

"त्याला विचार."

नेस्तोर काडी न काढताच म्हणाला, "पोतं अर्धंच होतं."

तिथून सुरू झालेला पोरगा चोविसाव्या वर्षी जगज्जेता झाला. सहा वेळा पट्टा राखला, एकदा गमावला, दीड वर्षानं परत आणला. आता चौतीस वर्षांचा होता. समोर कझाकस्तानचा तेवीस वर्षांचा गडी होता. ही लढत जिंकायची आणि पट्टा कमरेला असतानाच निवृत्त व्हायचं, असं तो आईला सांगून आला होता. लढत शुक्रवारी दुपारी चारला ठेवली होती. तेव्हा त्यांच्याकडे रात्रीचे आठ वाजतात, सगळं गाव टीव्हीसमोर बसणार होतं.

मला तो माणूस आवडला त्याचं कारण वेगळं होतं. मी मालिश करताना गुणगुणतो, ही माझी सवय. एकदा तो म्हणाला, "हे आमच्या गावातल्यासारखं आहे." गुड फ्रायडेच्या आधी त्यांच्या गावात येशूची दुःखकथा गाऊन वाचतात. तीन दिवस, न थांबता. एक थकला की दुसरा बसतो. रोदेलची आई त्यात गायची, आणि हा लहानपणी गाणाऱ्यांना आल्याचा चहा नेऊन द्यायचा. मंडळी, मला तर सप्ताहाचा हातोहात फिरणारा वीणाच दिसला डोळ्यांसमोर. परक्या मुलखात कुणी आपल्या घरचं भेटावं तसं झालं.

पण त्याच्या काही गोष्टी मला उमजत नव्हत्या. पाण्याचा पेला पुढं केला की त्याचा हात चार बोटं अलीकडेच मिटायचा. जेवायला बसताना उजवीकडे भिंत लागायची. त्या बाजूनं हाक मारली तर नुसती मान न वळवता तो अख्खा वळायचा. रिंगची पायरी चढताना आधी अंगठ्यानं चाचपायचा. मी नेस्तोरला विचारलं. तो म्हणाला, "वजन उतरवतोय, भूक आहे." मलाही पटलं. अर्ध्या अंड्यावर दिवस काढणाऱ्या माणसाला पेला कसा दिसणार?

बुधवारी दुपारी रोदेल झोपला होता. मी आणि नेस्तोर मागच्या अंगणात सावलीत बसलो होतो. त्यानं एकदम विचारलं, "तू काय गातोस रे दिवसभर?"

झालं. कीर्तनाचं मला कुणी विचारावं आणि मी थोडक्यात सांगावं, असं कधी झालंय? मी त्याला सप्ताह सांगितला, काला सांगितला, उंच बांधलेली हंडी सांगितली. बादली पालथी घालून त्यावर ठेका वाजवून दाखवला. तोच आपला, दोन सावकाश, तीन जलद आणि शेवटी तळहाताची भरीव थाप.

"पोरगं हंडीजवळ पोचलं की हा ठेका सुरू होतो. मग अख्खा गाव टाळी धरतो. आणि हंडी फुटली की टॉवेल."

"कुठला टॉवेल?"

"खांद्यावरचा. उडवतो आम्ही वर."

"कोण सांगतं उडवायला?"

"सांगायला कशाला पाहिजे, ताताय? ठेका अंगात गेला की हात आपला आपण जातो. माझा सगळ्यात उंच जातो. एकदा विजेच्या तारेवर अडकला, आठ दिवस तिथंच लोंबत होता."

मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. म्हणाला, "परत वाजव."

मी वाजवला. त्यानं तिसऱ्यांदा वाजवायला लावला, मग बादली स्वतःकडे ओढून घेतली आणि तो वाजवू लागला. पंक्चर काढणाऱ्याची बोटं ती, जाडजूड. पण थाप चुकायची थांबेपर्यंत त्यानं सोडलं नाही, आणि त्यानंतरही कितीतरी वेळ वाजवत राहिला. मी खूश. म्हटलं, पांडुरंगा, समारच्या किनाऱ्यावर तुझा पखवाजवाला तयार झाला.

मग तो थांबला आणि बादलीकडे बघत म्हणाला, "तुझे ते गाणारे गुरू शपथेबद्दल काय सांगतात?"

"आमचे बुवा म्हणतात, ज्याच्यासाठी शपथ घेतली तो माणूस शपथेपेक्षा मोठा."

"म्हणजे मोडली तर पाप नाही?"

"पाप आहेच. ते आपल्या डोक्यावर घ्यायची तयारी असेल तर मोडावी, असं म्हणतात."

त्यानं काडी या गालातून त्या गालात सरकवली. कशासाठी विचारतोय ते मला कळलं नाही. ते लोक सारखे कबुलीजबाब देतात, त्यातलंच काही असेल असं वाटलं.

गुरुवारी संध्याकाळी तेलाची बाटली न्यायला खोलीत गेलो, तर दोघं समोरासमोर उभे. रोदेलच्या गळ्यातला क्रूस नेस्तोरच्या मुठीत. रोदेल त्यांच्या भाषेत काहीतरी बोलत होता, आणि एक बोट, मग दुसरं बोट त्यानं वर केलं. नेस्तोरनं दोनदा मान डोलावली. मग रोदेलनं वाकून त्याचा हात उचलला आणि मागची बाजू स्वतःच्या कपाळाला लावली. आपण वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो तशी ही त्यांची रीत. घरातून निघताना, घरी आल्यावर, आणि प्रत्येक लढतीआधी तो नेस्तोरचा हात असा कपाळाला लावायचा. मला वाटलं, प्रार्थना चाललीय. मीही दारातूनच हात जोडले.

शुक्रवारी तो हॉल गच्च भरला होता. आखातात कुठकुठं कामाला असलेली त्यांची माणसं, नर्सा, आचारी, दुकानांतल्या मुली, ड्रायव्हर, सगळे सुट्टी काढून आलेले. आम्ही कोपऱ्यात पोचलो आणि नेस्तोरनं माझ्या हातातली बादली काढून घेतली. स्वतःच्या खांद्यावरचा निळ्या काठाचा पांढरा टॉवेल त्यानं माझ्या खांद्यावर टाकला.

"मी तर बादली धरायला आलोय," मी म्हणालो.

"बादली मी धरतो. हा गावात ठेवतोस तसाच ठेव."

मी छाती काढून उभा राहिलो. मला तो मान वाटला.

बारा फेऱ्या व्हायच्या होत्या. पहिल्या तीन रोदेलनं खेळवत काढल्या. चौथीपासून त्या कझाकी गड्याला काहीतरी सापडलं. तो डाव्या हातानं, म्हणजे रोदेलच्या उजव्या अंगाला, मारत सुटला. मंडळी, त्या बाजूनं येणारा ठोसा रोदेल चुकवायलासुद्धा बघत नव्हता. बसल्यावरच त्याला कळायचं की आला. मी तालमीत वाढलेला माणूस, समोरचा हात येताना पैलवानाचं अंग आधी बोलतं एवढं मला कळतं. याचं अंग बोलतच नव्हतं. मला काही समजत नव्हतं, मी नुसतं पाणी ओतत होतो.

सातव्या फेरीनंतर नेस्तोर त्याच्यासमोर गुडघ्यावर बसला आणि हळू आवाजात काही विचारलं. रोदेलनं दातांवरचं रक्ताळलेलं रबरी कवच तोंडात धरूनच मान हलवली, नाही. आठवीनंतर परत विचारलं. परत नाही.

नववी फेरी सुरू झाली. पहिलं मिनिटभर रोदेल नुसता मार खात होता. मग काय झालं कोण जाणे, त्याचा डावा हात खालून आला आणि त्या पोराच्या हनुवटीवर असा बसला की तो मागं जाऊन दोरांवर पडला. हॉल उठला. आठ हजार माणसं रो-देल, रो-देल म्हणत टाळ्या पिटायला लागली. आणि त्या सगळ्या गदारोळात माझ्या अगदी कानाशी ठेका सुरू झाला. दोन सावकाश, तीन जलद, भरीव थाप. दोन सावकाश, तीन जलद, भरीव थाप.

मी कुठं होतो ते मला ठाऊक नाही. डोळे मिटलेले होते. शारजा गेलं, हॉल गेला. मला दह्याचा वास आला, शपथेवर सांगतो. रोदेलचा दुसरा ठोसा बसल्याचा आवाज झाला, लोक ओरडले, आणि माझा हात आपला आपण गेला.

डोळे उघडले तेव्हा खांदा रिकामा होता. टॉवेल दोर ओलांडून रिंगच्या मधोमध पडला होता.

पंच दोघांच्या मध्ये शिरला आणि डोक्यावर दोन्ही हात हलवून त्यानं लढत थांबवली. रोदेलला वाटलं आपण जिंकलो. त्यानं दोन्ही हात वर केले, गुडघ्यावर बसून छातीवर क्रूसाची खूण केली. मलाही तेच वाटलं, मी नाचत होतो. मग पंचानं दोरांवर कशाबशा उभ्या असलेल्या त्या पोराचा हात उचलला.

कुणालाच काही कळेना. त्या कझाकी पोरालाही कळेना, तो आपल्या गुरूकडे बघत होता. पंच टॉवेलकडे बोट दाखवत होता. शेजारचा एक फिलिपिनो रडत रडत मला म्हणाला, "कोपऱ्यातून टॉवेल आत पडला म्हणजे हार कबूल. तुम्हाला माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं.

रोदेल टॉवेल उचलायला वाकला. पहिल्यांदा हात रिकामाच मिटला, दुसऱ्यांदा सापडला. मग त्यानं आमच्या कोपऱ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार, एवढ्यात नेस्तोरनं माझं मनगट असं धरलं की हाड वाजलं. आणि सगळ्या कॅमेऱ्यांसमोर तो इंग्रजीत मोठ्यानं म्हणाला, "मी टाकला."

"ताताय, नाही, मी..."

"तू गप्प बस. तुला उद्या इथंच कामाला यायचंय."

रोदेल आमच्या समोरून गेला. नेस्तोरनं हात पुढं केला होता. रोदेलनं तो कपाळाला लावला नाही.

कपडे बदलायच्या खोलीत मी नेस्तोरच्या पायावर पडलो. तो ओला टॉवेल मांडीवर घेऊन चौघडी घालत होता. त्यानं मला उठवलं, तोंडातली काडी काढली, आणि एवढंच म्हणाला, "राम, तुझा हात खरंच उंच जातो."

मी गावी परतलो ते हे ओझं घेऊन. एका माणसाचा पट्टा मी घालवला आणि दुसऱ्यानं माझी नोकरी वाचवायला ते पाप अंगावर घेतलं, एवढंच मला कळलं होतं. त्यानंतर खांद्यावर टॉवेल घेतला नाही.

गेल्या मंगळवारी फोन आला. पडद्यावर रोदेल. केस पिकायला लागलेले, उजवा डोळा पांढरा. मागं पोरं पोत्याला ठोसे मारत होती, आणि त्याची आठ-नऊ वर्षांची पोरगी फोनमध्ये डोकावत होती.

"कुया राम, ताताय गेला. महिना झाला."

तो बोलत राहिला. त्या लढतीनंतर लोकांनी नेस्तोरला गावात जगू दिलं नाही. त्याच्या दुकानाच्या फाटकावर कुणीतरी रोज सकाळी एक टॉवेल लटकवून जायचं. तो ते धुऊन टायर पुसायला वापरायचा.

"आणि तू?"

"मी अकरा वर्षं त्याच्याशी बोललो नाही. त्यानं शपथ मोडली होती. दर लढतीसारखीच आदल्या दिवशी क्रूस हातात घेऊन त्यानं शपथ घेतली होती, त्याच्या हातून टॉवेल पडणार नाही. आणि माझ्या उजव्या डोळ्याचं कुणाला सांगणार नाही. तो डोळा आधीच गेला होता, कुया. तपासणीचा तक्ता मी पाठ केला होता."

पेला, भिंत, पायरी. माझ्या हातातला फोन जड झाला.

"त्याच्या पंक्चरच्या डब्यात एक कागद सापडला. डोळ्याच्या डॉक्टरचा. लढतीच्या आधीचा. डाव्या डोळ्याचा पडदाही फाटत आलाय, बारा फेऱ्या झेपणार नाहीत, असं त्यात लिहिलंय. त्यानं मला हे कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मी लढलोच असतो, हे त्याला माहीत होतं. मी ती लढत आजवर पाहिली नव्हती. परवा पाहिली. टॉवेल उडतो तेव्हा तातायचे दोन्ही हात रिंगच्या फळीवर आहेत. मग टॉवेल कुणी टाकला?"

"मी टाकला, रोदेल."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. ठेका ऐकला आणि हात गेला."

"कुठला ठेका?"

मी मांडीवर वाजवला. दोन सावकाश, तीन जलद, भरीव थाप.

रोदेलचा चेहरा पडद्यावर तसाच थिजला. मला वाटलं फोन अडकला. मग तो अगदी हळू म्हणाला, "बावीस वर्षं तो माझ्या कोपऱ्यात होता. त्यानं फळीवर कधी बोटसुद्धा आपटलं नव्हतं. त्या दिवशी तो हेच वाजवत होता."

मंडळी, तेव्हा कुठं माझ्या खांद्यावरचा तो टॉवेल मला दिसला. कुणी टाकला होता, कधी, आणि बादली का काढून घेतली ते. शपथ त्याच्या हाताची होती, म्हणून त्यानं माझा हात शोधला होता. की तसंही नसेल? ठोसा, ठेका आणि माझे मिटलेले डोळे एकाच क्षणी जुळतील, हे त्याला तरी कसं ठाऊक असणार? यातलं त्याचं किती, माझ्या येडेपणाचं किती आणि पांडुरंगाचं किती, हे आठ दिवस झाले, मला वेगळं करता आलेलं नाही.

"मातीला गेला होतास?" मी विचारलं.

"गेलो होतो. हात कपाळाला लावायचा होता. आमच्याकडे पेटीवर काच असते, कुया. हात बाहेर येत नाही." त्यानं पोरीला जवळ ओढलं आणि डाव्या डोळ्यानं तिच्याकडे बघत राहिला. "काचेवरच कपाळ टेकवलं."

ती बघा, गाडी आली. बुवा उतरतायत. पोरं हंडीखाली जमायला लागलीत, पखवाजावर कणीक चढली. आता हंडी फुटेल, ठेका अंगात जाईल आणि तुमचे टॉवेल वर जातील, माझाही जाईल. तो वर असेल तेवढ्या वेळात, मंडळी, एका पंक्चरवाल्याची आठवण काढा. नाव नेस्तोर.